हळदीच्या दिवसांतली झोप

भवानीनगर मागं पडलं की गाडीच्या खिडकीतून तो वास आत येतो. शिजणाऱ्या हळदीचा. ओली माती, पाचटाचा धूर आणि त्या दोन्हींच्या मधे काहीतरी कडवट, उबदार. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटतं, कुठंतरी काही करपतंय. आज समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलीनं ओढणी नाकाला लावली आणि मला विचारलं, "काकू, कसला हो हा वास?"

"हळद शिजवतायत," मी म्हटलं. "अजून बराच वेळ येत राहील."

ती हसली आणि पुन्हा मोबाइलमध्ये बुडाली. मी डोळे मिटून घेतले. हळदीच्या वासानं लोकांना लग्नघर आठवतं, आजारपणातलं दूध आठवतं, आईनं जखमेवर दाबलेली चिमूट आठवते. मला थकवा आठवतो. हाडांच्या आत मुरलेला, आंघोळीनं न जाणारा, सकाळी उठतानाच संध्याकाळ झाल्यासारखा वाटणारा थकवा.

दरवर्षी याच दिवसांत मी रहिमतपूरहून सांगलीला तपासणीला जाते. त्या दिवशी घरचे माझ्याशी जपून बोलतात. चहा न मागता मिळतो. मी घाबरले असेन, असं त्यांना वाटतं. खरं म्हणजे गाडीत बसल्यावर मला झोप यायला लागते. हे कुणाला सांगावं तर हसतील. म्हणून आज लिहायला घेतलं.

मी आजारी पडले त्या वर्षी आमची लेक करुणा दहावीला होती. पावसाळ्यात मला स्तनात गाठ लागली, श्रावण संपायच्या आत ऑपरेशन झालं. दिवाळी आणि नाताळ केमोच्या सलाइनखाली गेले. नाताळच्या उपासनेला चर्चमध्ये मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून मागच्या बाकावर बसले होते. लग्न होऊन आल्यापासून मला ओळखणाऱ्या बायका माझ्याकडं बघावं की बघू नये या पेचात गाणी म्हणत होत्या. मग राहिलं रेडिएशन. शनिवार-रविवार सोडून रोज, कित्येक आठवडे.

"सांगलीतच राहायची सोय करा," डॉक्टर म्हणाले होते. पण करुणाची परीक्षा तोंडावर होती. माझे यजमान प्रकाश वायरमन. कुठं तार तुटली, कुठं डीपी जळाला की जेवणाच्या ताटावरून उठून जाणारा माणूस. घरात निदान संध्याकाळी तरी मी असावं असं मला वाटलं. म्हणून सकाळच्या पॅसेंजरनं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं ठरवलं. मी शाळेत शिक्षिका, रजेवर होते. वर्गात चाळीस पोरं गप्प करणारी बाई मी. मला वाटलं, जमेल.

भीतीबद्दल सांगायला हवं. मी जन्मानं ख्रिस्ती. वडील वाईकडच्या खेड्यांतून उपदेशक होते, सायकलवरून हिंडायचे. देव माणसाला "भिऊ नको" म्हणतो, हे मी बोलायला शिकले तेव्हापासून ऐकत आले. पुढं मीच शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, मुलांकडून ते घोकून घेतलं. मुलं खणखणीत आवाजात म्हणायची, आणि मी त्यांना खडीसाखर वाटायची.

आता ती भीती माझ्याच घरात आली होती, आणि मला खडीसाखर कुणी देत नव्हतं. लोकांना वाटतं, मरणाची भीती म्हणजे अंधार, शवपेटी, असलं काहीतरी. माझ्याकडं ती फार किरकोळ वाटांनी यायची. प्रकाश भाजीत मीठ घालायला विसरतो. मी नसले तर रोजच विसरेल. करुणाला केस विंचरताना मागचा भांग नीट पाडता येत नाही. असल्या फटींतून ती आत शिरायची आणि मग घरभर हिंडायची. कित्येक महिने मला सलग झोप नव्हती. डोळा लागला की आपण झोपलो याचीच दचक बसून जाग यायची.

आमच्याकडं बुधवारी घरोघर प्रार्थना असते. आमच्या घरी होती त्या बुधवारी चर्चचे पाळकसाहेब आले. तरुण, नुकतेच बदलून आलेले, मनानं फार चांगले. त्यांनी माझ्यासाठी कळकळीनं प्रार्थना केली आणि म्हणाले, "ताई, विश्वास आणि भीती एका घरात राहत नाहीत." सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. मीही म्हटलं. लोक चहा पिऊन गेले, कपबशा विसळताना ते वाक्य माझ्या मनात परत आलं. माझ्या घरात भीती तर राहतेच. मग निघून कोण गेलं?

त्या दिवसापासून मला माझ्या भीतीचीच भीती वाटायला लागली. आपण भितो म्हणजे आपला विश्वास कमी, विश्वास कमी म्हणजे आपण बरं होणार नाही, असा तो हिशेब होता. म्हणून मी लोकांसमोर हसायला लागले. "प्रभू आहे ना," म्हणायला लागले. आजारापेक्षा ते हसणं मला जास्त दमवायचं.

इस्पितळातल्या रेडिएशनच्या खोलीला जाड दार होतं. टेबलावर आडवं व्हायचं, हात डोक्यावर नेऊन एका आधारावर टेकवायचे. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वर जाताना काखेतून कळ यायची. अंगावर शाईनं खुणा केलेल्या होत्या. त्या पुसायच्या नाहीत. मशीन चालवणारी मुलगी दिवे सारखे करायची, खुणा जुळवायची, "ताई, आता अजिबात हलू नका" म्हणायची आणि बाहेर निघून जायची. मागं ते दार लागायचं. दुखत काहीच नव्हतं. काही मिनिटांचंच काम. पण दार लागलं की छातीत धडधड सुरू व्हायची, आणि धडधडीनं आपण हलतोय की काय या विचारानं ती आणखी वाढायची. मी प्रार्थना सुरू करायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या शब्दावर ती हातातून सुटायची. मग नुसतं मशीन ऐकत पडून राहायचं.

मालनआक्का मला गाडीत भेटल्या. ताकारीला चढल्या, "सरका जरा, बाई," म्हणत शेजारी बसल्या. साठीच्या असतील. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, आणि हाताचे तळवे पिवळेधमक. माझा स्कार्फ, मांडीवरची फाइल बघून त्यांनी विचारलं, "तुमी बी तिथंच का?"

"हो."

"कुठलं?"

मी छातीकडं बोट केलं.

"माजं पिशवीचं," त्या म्हणाल्या. गावाचं नाव सांगावं तसं.

त्यांच्या शेतात हळद निघत होती. पहाटे उठून बायकांच्या बरोबरीनं हळदीचे गड्डे मोडून त्या गाडीला यायच्या. "डाक्टर म्हंतोय, काम करू नगा. मग हळद काय डाक्टर काढनार हाय?" थोरला मुलगा फौजेत, दूर सरहद्दीवर. त्याला त्यांनी आजाराचं कळवलंच नव्हतं. "त्यो तिकडं बंदूक धरून उभा. त्येच्या मागं आनि हे कशाला लावायचं?"

मग रोज आम्ही शेजारी बसायला लागलो. त्या माझ्यासाठी जागा धरायच्या म्हणायचं, तर मी आधी चढलेली असायची. मीच त्यांच्यासाठी पिशवी ठेवून जागा धरायची. एकदा माझ्या गळ्यातला लहानसा क्रूस बघून त्यांनी विचारलं, "तुमचा देव काय म्हंतो ह्या दुखन्याला?"

"भिऊ नको म्हणतो."

"आन तुमी?"

गाडीत आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी खरं बोलले. "भिते. खूप भिते."

"आता सारकं सारकं भिऊ नगो म्हंतोय म्हंजे मानसं सारकी भीतच असत्याल की," आक्का म्हणाल्या. "न्हाई तर कशाला सांगंल?" आणि पदराच्या गाठीतनं शेंगदाणे काढून त्यांनी अर्धे माझ्या हातावर ठेवले.

उपदेशकाची मुलगी मी. हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. तरी त्यानं भीती गेली नाही. नुसतं बरं वाटलं, एवढंच. शेंगदाणे खाऊन झाले आणि इस्पितळ जवळ यायला लागल्यावर ती परत आली.

मग तो दिवस. भिलवडीच्या अलीकडं एका लहानशा स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. इंजिनात काहीतरी बिघडलं होतं. दुसरं येईल, कधी ते सांगता येत नाही. ऊन वर चढलं, डबा तापला, माणसं खाली उतरून झाडाखाली पांगली. मी मात्र फाइल छातीशी धरून बसून होते. एकही दिवस चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डोक्यात चक्र सुरू झालं. आजचा दिवस चुकला, म्हणजे तेवढी एखादी पेशी वाचली, म्हणजे ती वाढणार. डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं.

"आवं बाई, चला, खाली चला आदी," आक्कांनी मला दंडाला धरून उतरवलं.

फलाटाच्या कुंपणापलीकडं एका शेतकऱ्याचं हळदीचं खळं होतं. काहिलीखाली पाचट पेटलं होतं, वाफ उठत होती, एका बाजूला शिजलेली हळद वाळत घातली होती. आक्कांनी तिथल्या बायकांना काय सांगितलं कोण जाणे. त्यांनी लिंबाच्या सावलीत रिकामी पोती अंथरली, तांब्याभर पाणी दिलं, मग ताक दिलं. ओळख ना पाळख. "पडा हितं," एकजण म्हणाली आणि पुन्हा कामाला गेली.

मी पडले. सवयीनं प्रार्थना करायला गेले. शब्दच येईनात. पाठ असलेलीसुद्धा येईनात. त्याऐवजी डोळ्यांपुढं आलं ते शब्बाथशाळेतलं एक चित्र. गलबत, चहूकडं उसळलेला समुद्र, घाबरलेले शिष्य, आणि मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला प्रभू. तो उठतो, वाऱ्याला दटावतो, वादळ थांबतं. हे मी मुलांना कितीदा शिकवलं असेल. प्रवचनंही सगळी त्या थांबलेल्या वादळावरच ऐकली. तो झोपला का होता, हा विचार कधी मनात आलाच नव्हता. दिवसभर लोकांत राहून दमला असेल. अंग मोडून आलं असेल. देवाचा पुत्र, आणि इतका दमलेला की अंगावर पाणी उडत असताना त्याला जाग नाही. आणि त्या दमलेल्या माणसाला तेवढा एक भरवसा होता, की आपण डोळे मिटले तरी चालेल. आपल्याला धरणारा बाप जागा आहे.

मी मनात म्हटलं, "प्रभू, मी दमले. आता मला भ्यायचंसुद्धा बळ नाही. आता तुझं तू बघ."

ही काही प्रार्थना नव्हे. वडिलांनी ऐकली असती तर त्यांना ती उद्धट वाटली असती. त्यात स्तुती नव्हती, विश्वासाची ग्वाही नव्हती. शेवटचं "आमेन"सुद्धा राहून गेलं. कारण त्याआधीच मी झोपले होते.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर कुणाचं तरी जुनेर पांघरलेलं होतं. आक्का शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि हातातल्या फडक्यानं माझ्या तोंडावरच्या माश्या वारत होत्या. कुंपणापलीकडं रूळ मोकळे होते.

"गाडी?" मी उठून बसले.

"गेली."

"कधी?"

"मगाच. शिट्ट्या मारल्या की लय. तुमी हालला बी न्हाई."

"अहो आक्का, मग उठवायचं ना मला! तुमचंही रेडिएशन बुडालं..."

"मशीन उद्या बी हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "असली झोप कवा लागंल, कुनी सांगावं? आन तुमच्या मालकांचा फोन आलता. म्या घेतला. म्हनलं, झोपल्यात त्या."

"ते काय म्हणाले?"

"कायच न्हाई. लय वेळ गप बसलं. मग म्हनलं, झोपू द्या."

मी धसका बसायची वाट बघत राहिले. एक दिवस बुडाला होता. ज्याची भीती होती तेच घडलं होतं. धसका बसला नाही. मला भूक लागली होती, एवढंच जाणवत होतं. खळ्यावरच्या बायकांनी भाकरी आणि खर्डा दिला, आम्ही दोघींनी तो तिथंच बसून खाल्ला. आक्कांच्या पाठीला कळ लागली होती. इतका वेळ एका जागी बसून. त्या तसं म्हणाल्या नाहीत. उठताना माझ्या खांद्यावर जरा जास्त भार टाकला, त्यावरून मला कळलं.

एस.टी.नं मी कराडला पोचले, तेव्हा प्रकाश मोटारसायकल घेऊन स्टँडवर थांबला होता. घरी जाताना, वारं कानावर असताना, त्यानं सांगितलं, "तू झोपलीस असं त्या बाई म्हणाल्या तेव्हा मी खांबावरनं नुकता उतरलो होतो. तिथंच खाली बसलो." मी त्याच्या पाठीला डोकं टेकवलं. इतके महिने माझ्याबरोबर तोही जागा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात आम्हाला बोलणी बसली. चुकलेला दिवस शेवटी वाढवून देऊ, असं सांगितलं. मी टेबलावर आडवी झाले, हात वर नेले, दार लागलं. आणि माझं नाक खाजायला लागलं. हलायचं नव्हतं, आणि नाक असं खाजत होतं की दुसरं काही सुचेना. मशीन थांबलं, दार उघडलं, तेव्हा लक्षात आलं की आज भ्यायचं राहून गेलं.

भीती पुढं कधी आली नाही असं मी म्हणणार नाही. अजूनही येते. पण तेव्हापासून मी तिच्याशी भांडत नाही, तिला लोकांपासून लपवत नाही, आणि ती आली म्हणजे देव निघून गेला असं मानत नाही. मुलांना जे घोकायला लावलं ते मीच उलटं समजले होते. "भिऊ नको" हा मला हुकूम वाटायचा. पाळला नाही तर शिक्षा. मूल झोपेत दचकतं तेव्हा आईसुद्धा तेच म्हणते. तिच्या म्हणण्यात कुठं हुकूम असतो? तिचा हात आधीच पाठीवर पडलेला असतो.

करुणानं परीक्षेच्या आधी एकदा मला विचारलं होतं, "आई, देव तुला नक्की बरं करणार ना?" तेव्हा मी "हो तर" म्हटलं होतं आणि तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं होतं. दहावीतल्या मुलीला आईचा खोटा आवाज कळतो. त्या झोपेनंतर एका संध्याकाळी ती भूगोलाचे नकाशे भरत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "तू विचारलं होतंस ना? नक्की मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. पण काही झालं तरी तो मला सोडणार नाही, आणि तुलाही नाही, एवढं माहीत आहे. त्याहून जास्त माहीत नाही."

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. कित्येक महिन्यांनंतर. मग उठली, तोंड धुतलं आणि राहिलेल्या नद्या काढल्या.

पाळकसाहेबही एकदा दुपारी आले. तीन गावांतल्या चर्चच्या मंडळ्या एका मोटारसायकलवर सांभाळायच्या. त्यात त्यांचं तान्हं बाळ आजारी होतं. खुर्चीत बसले, पवित्र शास्त्र उघडलं, आणि वाचता वाचता त्यांची मान कलली. मी चहा घेऊन आले तर ते चक्क घोरत होते. मी चहा परत नेला. जाग आल्यावर बिचारे इतके ओशाळले! "ताई, क्षमा करा. प्रार्थना राहिलीच."

"झाली की," मी म्हटलं. ते गोंधळून हसले. त्यांचा मला राग कधीच नव्हता. पण त्या दुपारनंतर माया वाटायला लागली.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या सुमारास माझं रेडिएशन संपलं. आक्कांचं दोन दिवसांनी. हळदीचा हंगामही उरकत आला होता. ताकारीला उतरताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाल्या, "बरं झालं, भेटला न्हाई तर आता." म्हणजे आता भेटायची वेळ येऊ नये.

पण वेळ आली. पावसाळ्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. दुखणं पसरलं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि त्या माझं नाव घेत होत्या. मी गेले. पडवीत खाट टाकली होती. आक्का अर्ध्या झाल्या होत्या. मुलगा सुट्टी काढून आला होता. पायाशी ताठ बसला होता, पहाऱ्यावर बसावं तसा.

"बाई," त्यांनी माझा हात धरला, "आता मला भ्या वाटतंय."

मी शिक्षिका, उपदेशकाची मुलगी, एक आजार काढून उठलेली. "वाटणारच, आक्का," एवढंच म्हणाले.

"तुमच्या देवाला सांगा की."

त्यांच्या कपाळाला औंधच्या यमाईचा अंगारा लावलेला होता. सून जरा अवघडून माझ्याकडं बघायला लागली. आक्कांच्या ते ध्यानात आलं. "अंगारा बी ऱ्हाऊ द्या, प्रार्थना बी हुंद्या," त्या म्हणाल्या. "वर त्येंचं काय भांडान हाय व्हय?"

मी डोळे मिटले आणि घरात बोलतो तशी प्रार्थना केली. ह्या मालनआक्का आहेत, थकल्या आहेत, ह्यांना वेदना आहेत, ह्यांना जवळ घे, म्हटलं. बरं कर असं म्हणायला जीभ वळली नाही. तो जवळ घेईल यात मात्र मला शंका नव्हती. फौजेत सगळ्या धर्मांच्या प्रार्थनांना उभं राहायची सवय असलेल्या मुलानं मोठ्यानं "आमेन" म्हटलं.

आक्का बराच वेळ छताकडं बघत होत्या. "कायच बोलला न्हाई त्यो," त्या म्हणाल्या.

"नाही बोलत. मलाही नाही बोलला."

"असूंद्या. त्यो बसतोय का न्हाई म्हाईत न्हाई. तुमी बसा."

मी बसले. पाऊस लागला होता, सुनेनं दोनदा चहा दिला. आक्का मधे मधे डोळे उघडून मी आहे का बघायच्या. माझ्या मनात आलं, देवाला ज्या घरी बसायचं असतं तिथं तो बहुधा असंच कुणालातरी बसवत असेल. खळ्यावर आक्कांना बसवलं होतं तसं.

त्यानंतर काही दिवसांनी त्या गेल्या. मी दहाव्याला जाऊन आले. मुलगा म्हणाला, शेवटी त्या शांत होत्या. लोक असं म्हणतातच. पण तो खोटं बोलणाऱ्यातला वाटला नाही.

आज सांगलीत माझा नंबर लागायला दुपार झाली. डॉक्टर नवीन होत्या, तरुण. पडद्याकडं त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग खुर्ची माझ्याकडं वळवून हळू आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूला एक लहानसं काहीतरी दिसतंय. काही नसेलही. पण तुकडा काढून तपासायला हवा."

"कधी येऊ?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मी रडेन, प्रश्न विचारीन, असं त्यांना वाटलं असावं. मला फक्त पाठ टेकायची होती. बाहेर येऊन प्रकाशला फोन केला. तो "येतो" एवढंच म्हणाला आणि कामावरून तसाच निघाला. मी बाकावर डोळे मिटून त्याची वाट पाहत बसले.

तो आला तेव्हा त्याच्या अंगावर खाकी कपडे तसेच होते, बोटांना ग्रीस होतं. शेजारी बसला. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. इतक्या वर्षांत जे वाक्य त्यानं कधी उच्चारलं नव्हतं ते तो जमिनीकडं बघत म्हणाला, "सुनंदा, मला फार भीती वाटते गं."

"वाटू द्या," मी म्हटलं. "आज मला वाटत नाहीये. आज तुमची पाळी."

त्यानं वर बघितलं. "आणि उद्या?"

"उद्या कदाचित माझी. मग तुम्ही सांभाळा मला."

समोरून एक पेशंट चाकाच्या खुर्चीतून गेली. प्रकाशनं पाय आत घेतले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठांच्या कोपऱ्यात हसूही आलं होतं.

"आणि एखाद्या दिवशी दोघांनाही वाटली तर?"

"त्या दिवशी देवाची पाळी," मी म्हटलं.